चार सुताचा बोल्ट

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



या व्यासपीठावर दरवर्षी गाणं होतं, नाटक होतं, मुलांच्या स्पर्धा होतात. यंदा कार्यकारिणीनं सांगितलं की ज्यांच्या घरी वडिलांची-आजोबांची जुनी वस्तू असेल त्यांनी ती घेऊन यावी आणि चार शब्द बोलावेत. परवा एका काकूंनी आजेसासूबाईंची नथ दाखवली. काल पितळेचा पानाचा डबा पाहिला, अजून त्यात कातेचा वास आहे. आज आम्ही लोखंड घेऊन आलो आहोत. पुढच्या रांगेतल्या काकूंना विनंती, पदर जरा सांभाळा. रॉकेलनं पुसलंय, पण ग्रीस काही सुटत नाही.

माइकसमोर एकच जण उभा असला तरी हे बोलणं तिघांचं आहे, दादा, ताई आणि धाकटा. धाकटा कोण ते तुम्हाला दिसतंच आहे. राज्य सरकारच्या नोकरीत आहे, मेकॅनिकल डिप्लोमा केलेला आहे, आणि या गोष्टीत त्याचीच फजिती आहे, म्हणून बोलायचं काम बाकी दोघांनी त्याच्याकडे दिलं.

आमच्या बाबांचं गॅरेज जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यावर होतं. गॅरेज म्हणजे वर पत्रे, खाली ऑइलनं काळी झालेली जमीन आणि गाडीखाली उतरायला एक खड्डा. इंदुरात जुन्या गाड्यांचा विषय निघाला की लोक लगेच होळकर महाराजांवर जातात. यशवंतरावांची ती अमेरिकेतली ड्यूसेनबर्ग जगभर नावाजलेली आहे, खरं आहे. पण आम्हाला कुणी विचारलं की तुमचे बाबा राजवाड्याच्या मोटारी दुरुस्त करायचे का, तर उत्तर नाही असंच आहे. बाबांकडे यायचे ते मानपूरचा आणि बिजासनचा घाट चढून दमलेले ट्रक, टॅक्सीवाल्यांच्या अँबेसेडर, जीपा आणि माळव्यातल्या विहिरींवरची तेलाची इंजिनं. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. पंधराव्या वर्षी एका उस्तादाच्या हाताखाली लागले आणि पुढे उस्तादानं हात टेकले तेव्हा त्याची पेटी यांच्याकडे आली.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. पेटी जिन्याखाली तशीच होती. खरं तर दोन पेट्या, एक लाकडी आणि एक पत्र्याची. यंदा रामबागेतलं जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं आणि दिवाळीच्या आत सगळं रिकामं करायचं होतं. दादानं भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं दोन्ही पेट्या काट्यावर चढवल्या. एकशे चाळीस किलो. तीस रुपये भाव. दादानं मनातल्या मनात हिशेब केला, बेचाळीसशे. तेवढ्यात आई बाहेर आली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "द्यायचं तर द्या. पण काय देताय ते बघून द्या."

आम्हाला ते बघता येईना. चाळीस वर्षं जे आमच्या डोळ्यांसमोर होतं त्यातल्या निम्म्या वस्तूंची नावं आम्हाला माहीत नव्हती. भंगारवाल्याला पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

मग रोज संध्याकाळी ओसरीवर जुनं वर्तमानपत्र पसरून बसायचं असं सुरू झालं. सोपं होतं ते आधी वेगळं केलं. पाने, गोट्या, टॉमी, पक्कड, पेचकस, कानशी, छिन्न्या. हे कुणालाही ओळखू येतं. मग उरले ते विचित्र.

ही काठी बघा. लाकडी, वीतभर, दोन्ही टोकांना रबराची वाटी. ताईचा मुलगा म्हणाला, हे बाहुलीचं बेसिन साफ करायचं आहे. ताईला मात्र ते लगेच आठवलं, कारण लहानपणी डबा द्यायला गॅरेजमध्ये तीच जायची. बाबा ही रबराची वाटी इंजिनाच्या व्हॉल्व्हवर चिकटवायचे, व्हॉल्व्हच्या कडेला कार्बोरंडमची पेस्ट लावायचे, आणि काठी दोन तळव्यांत धरून ताक घुसळायच्या रवीसारखी फिरवायचे. पुढे, मागे, मध्येच उचलून थोडी जागा बदलायची. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक एकमेकांवर घासून करडी, सारखी रेघ गोल उमटली की काम झालं. त्या रेघेला कुठे खंड असेल तर दाब गळणार आणि ट्रक घाटात मान टाकणार. आधी जाड पेस्ट, मग बारीक. आठ व्हॉल्व्हला एक दुपार जायची.

ही तीन धारांची, टोकाशी वाकलेली सुरी. ही तर आमच्या स्वयंपाकघरात होती! आई इतकी वर्षं हिनं नारळाचे डोळे फोडत होती. जुनी कानस घासून बाबांनी ती केली होती आणि पुढे लागेनाशी झाल्यावर घरी आली. तिचं खरं काम बेअरिंग खरवडायचं. जुन्या इंजिनांत क्रँकच्या बेअरिंगवर मऊ पांढरा धातू ओतलेला असायचा. क्रँकला निळा रंग पुसट लावून तो बेअरिंगमध्ये बसवून फिरवायचा, काढायचा, आणि जिथे निळं लागलं तो उंचवटा या सुरीनं अलगद खरवडायचा. पुन्हा बसवायचा, पुन्हा काढायचा. असं सगळीकडे सारखं निळं लागेपर्यंत. पुढे तयार, पातळ शेल बेअरिंग आली आणि ही सुरी नारळाकडे वळली.

हा मोठ्या इंग्रजी सी अक्षरासारखा शिकंजा जीपच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा. जुन्या विलीज जीपला व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नसत, सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्येच असत, त्यामुळे स्प्रिंग बाजूनं हात घालून दाबावी लागे. हा पत्र्याचा पट्टा आणि किल्ली पिस्टनच्या रिंगा आवळून सिलिंडरमध्ये उतरवायला. आणि हा बोटाएवढा पाना, त्याला पत्र्याची पातळ जीभ. दादा म्हणाला खेळण्यातला असेल. हा जुन्या विलायती मोटारसायकलींच्या मॅग्नेटोचा. त्या जिभेची जाडी इंचाचे बारा हजारांश भाग, पॉइंटमधली फट तेवढी ठेवायची. बाबा त्याला बारा थाऊ म्हणायचे, आणि आम्हाला लहानपणी वाटायचं थाऊ हे एखाद्या चिनी माणसाचं नाव आहे.

एक सांगून ठेवतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच घरांत अशी एखादी पेटी असणार. अशी हत्यारं हातात आली की लगेच ग्राइंडरला किंवा तारेच्या चाकाला लावू नका. आमच्या दादानं पहिल्या दिवशी एक पाना आरशासारखा लख्ख केला आणि त्यावरची अक्षरं कायमची गेली. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा, सकाळी काथ्यानं किंवा पितळी ब्रशनं घासा. अक्षरं पुसट असतील तर वरून खडू चोळून फडक्यानं पुसा, खाचेत पांढरं राहतं आणि वाचता येतं. नाहीतर कागद ठेवून वरून शिसपेन्सिल फिरवा, आपण लहानपणी नाण्याचा ठसा घ्यायचो तसं. आणि पेटीत जुने ब्रेक लायनिंग निघाले तर ते कानसू नका, फुंकर मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ छातीत जाणं वाईट. एवढं पथ्य पाळा.

तर अक्षरं. खडू चोळल्यावर पान्यांनी बोलायला सुरुवात केली. एकावर बर्मिंगहॅम, दोनांवर जर्मनी, एकावर तिरक्या लपेटीनं लिहिलेलं फोर्ड, चार-पाचांवर इंडिया. एका जाडजूड पान्यावर कावळ्याच्या पावलासारखा बाण आणि खाली उभी रेघ. हा बाण ब्रिटिश सरकारच्या लष्करी मालाचा शिक्का, आणि खालची रेघ म्हणजे इंग्रजी आय, हिंदुस्थानच्या लष्कराचा. महू इथून पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. लढाई संपल्यावर छावण्यांतून जीपा, ट्रक, हत्यारं लिलावात निघाली आणि उस्तादासारख्या लोकांनी ती उचलली. म्हणजे आमच्या जिन्याखाली दुसऱ्या महायुद्धाचा एक तुकडा पडून होता आणि आम्ही त्यावर चपला काढत होतो.

आता मुख्य गोष्ट. त्याआधी सूत म्हणजे काय ते मुलांसाठी सांगतो. मिस्त्री लोक इंचाचे आठ भाग करतात, त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच. मेट्रिकचा कायदा १९५६ साली झाला, १९५८पासून टप्प्याटप्प्यानं किलो-मीटर आले, पण सूत काही गेलं नाही. आजही सियागंजात सळईला आणि बोल्टला गिऱ्हाईक सुतातच मागतं.

१९९८ साल. धाकटा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. नवीन व्हर्निअर घेतलेलं होतं आणि जे दिसेल ते मोजायचं वेड लागलेलं होतं. गॅरेजमध्ये त्यानं हा पाना उचलला. बघा, दोन तोंडांचा. या तोंडावर लिहिलंय १/२ आणि पुढे इंग्रजी डब्ल्यू. त्यानं व्हर्निअर लावलं. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. पान्याचं तोंड भरलं साडेतेवीस. जवळजवळ दुप्पट. त्यानं ते मोठ्यानं सांगितलं. दोन ट्रकवाले चहा पीत बसले होते, बाबांचा चेला होता. धाकटा हसून म्हणाला, "बाबा, उस्तादला कुणीतरी फसवलं. आकडाच चुकीचा ठोकलाय. इतकी वर्षं वापरताय, एकदा मोजायचं तरी." ट्रकवाले हसले.

बाबा गाडीखालून निम्मे बाहेर आले होते. म्हणाले, "चार सुताचा बोल्ट आण, मग बोलू." आणि परत आत गेले.

धाकट्यानं बोल्ट आणला नाही. त्याला वाटलं बाबांना उत्तर सुचलं नाही म्हणून विषय टाळला. त्यानंतर एक बदल झाला, तो त्या वेळी कुणाच्या लक्षात आला नाही. ताईनं तो आता, पेटी उघडल्यावर सांगितला. त्या दिवसापासून बाबांनी धाकट्यासमोर पान्याचा आकडा कधी उच्चारला नाही. "तो पाना दे" म्हणायचे आणि बोट दाखवायचे.

पुढे धाकट्याला नोकरी लागली. खात्याच्या भांडार नोंदवहीत तो वर्षानुवर्षं लिहीत आला, 'स्पॅनर, नग बारा'. कसले, कुणाचे, कशासाठी, काही नाही. नग बारा.

तर हाच पाना खडू चोळून पुन्हा हातात आला. या वेळी आणखी एक गोष्ट दिसली. दांड्यावर पंचनं ठोकलेले बारीक ठिपके. १/२ लिहिलेल्या तोंडापाशी चार ठिपके. दुसऱ्या तोंडावर ७/१६ डब्ल्यू लिहिलंय, ते उघडंच लहान आहे, २०.८ मिलिमीटर. पण तिथेही चारच ठिपके. एकाच पान्याची दोन तोंडं, मापं वेगळी, आकडे वेगळे, आणि ठिपके सारखे. मग आम्ही सगळेच पाने तपासले. एका अमेरिकन पान्यावर ३/४ लिहिलेलं, तोंड १९ मिलिमीटर, ठिपके चार. ९/१६च्या पान्याला तीन ठिपके. आणि ३/८ डब्ल्यूलाही तीनच, त्याचं तोंड तर १८ मिलिमीटर. नुसत्या मिलिमीटरच्या पान्यांवर, म्हणजे टाटा मर्सिडीजच्या आणि फियाटच्या, एकही ठिपका नाही.

दादा म्हणाला, ठिपके म्हणजे कुणाचा पाना ते ओळखायची खूण असेल. ताई म्हणाली, कुठल्या खणात ठेवायचा ते. धाकटा काही बोलला नाही. त्याला तो बोल्ट आठवला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो सियागंजात गेला आणि चार सुताचा बोल्ट घेऊन आला. सत्तावीस वर्षांनी. ओसरीवर सगळ्यांसमोर पाना लावला. १/२च्या तोंडात बोल्टचं डोकं चक्क खुळखुळलं. म्हणजे बाबा चुकलेच होते की काय? खरं सांगतो, त्या क्षणी कुणालाच बरं वाटलं नाही. आई तर उठून आत गेली.

रविवारी आम्ही बाबांच्या चेल्याकडे गेलो. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. आता सत्तरीला आले आहेत, हात थरथरतात, गॅरेज त्यांचा नातू बघतो. पाना आणि बोल्ट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी काही न बोलता पाना फक्त उलटा केला आणि ७/१६चं तोंड त्या बोल्टला लावलं. हातमोज्यासारखं बसलं. मग म्हणाले, "छोटे, ये नया बोल्ट है. पुराना लाओ, तो दूसरा मुँह लगेगा." त्यांनी नातवाला आतून एक डबा आणायला सांगितला. त्यात एका जुन्या तेलाच्या इंजिनाचे बोल्ट होते. त्यातला चार सुताचा काढला. दोन्ही बोल्टांच्या दांड्या अगदी सारख्या जाडीच्या. जुन्याचं डोकं मात्र मोठं. ते १/२च्या तोंडात गेलं आणि जरासुद्धा हललं नाही.

झालं असं आहे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचं प्रमाण ठरवलं. त्या पद्धतीच्या पान्यावर पान्याच्या तोंडाचं माप लिहीत नसत. तो पाना ज्या बोल्टला लागतो, त्या बोल्टच्या दांडीची जाडी लिहीत. अर्ध्या इंचाच्या बोल्टचं षटकोनी डोकं ०.९२ इंच रुंद, म्हणून पाना तेवढा, पण लिहिलेलं १/२. ताईनं हे लगेच पकडलं. म्हणाली, "म्हणजे झाकणावर पातेल्याचा नंबर." अगदी तसंच. भांड्याच्या दुकानात आपण पाच नंबरच्या पातेल्याला पाच नंबरचं झाकण मागतो, झाकण किती इंच आहे ते विचारत नाही.

अमेरिकेत उलटं. तिथे बहुतेक पान्यांवर सरळ तोंडाचं माप लिहीत. तिथल्या अर्ध्या इंचाच्या बोल्टचं डोकं पाऊण इंच, म्हणून पान्यावर ३/४. जीपला तेच, आणि अँबेसेडर विलायती मॉरिसवरून घेतलेली असली तरी तिलाही अमेरिकन मापाचे पाने, कारण लढाईत इंग्लंड आणि अमेरिकेचे नट-बोल्ट एकमेकांना बसेनात म्हणून इतका घोळ झाला, की १९४८ साली दोघांनी आणि कॅनडानं मिळून एक सामाईक आटा ठरवला होता.

आणि ते ७/१६चं तोंड? इंग्लंडातच बारीक आट्यांचा जो बोल्ट होता, बी.एस.एफ., त्याचं डोकं पहिल्यापासून एक माप लहान. पुढे युद्धात पोलाद वाचवायला जाड आट्यांच्या बोल्टचंही डोकं तेवढंच लहान केलं आणि ते तसंच राहिलं. म्हणून सियागंजातला नवा बोल्ट धाकट्या तोंडात बसतो आणि जुना थोरल्या. बोल्ट दोन्ही चार सुताचेच.

आता ठिपके बघा. बाबांच्या हातात विलायती, अमेरिकन, लढाईआधीचं, लढाईनंतरचं असं सगळं एकदम यायचं. प्रत्येकाचा आकडा वेगळी गोष्ट सांगतो. बाबांनी ते सगळे आकडे बाजूला ठेवले आणि स्वतःचा एकच नियम केला, बोल्ट किती सुताचा, तेवढे ठिपके. ३/४, ७/१६ आणि १/२ या तिन्ही तोंडांवर चार. कारण गाडीखाली, अंधारात, पाठीवर झोपलेल्या माणसाला आकडा वाचता येत नाही. अंगठ्यानं ठिपके मोजता येतात. मिलिमीटरच्या पान्यांना एकच पद्धत होती, तिथे गोंधळच नव्हता, म्हणून ठिपके नाहीत.

घरी येऊन धाकट्यानं माळ्यावरची डिप्लोमाची पुस्तकं काढली. मशीन ड्रॉइंगच्या पुस्तकात, नट कसा काढायचा त्या पानावर त्याच्याच अक्षरात पेन्सिलीनं चौकट केलेली होती. नटाची रुंदी म्हणजे दीड डी अधिक तीन मिलिमीटर. डी म्हणजे बोल्टचा व्यास. अर्ध्या इंचाला लावून बघा, एकोणीस अधिक तीन, बावीस. काढायच्या सोयीचं ढोबळ सूत्र आहे, पण बावीस आणि साडेतेवीस यांत फरक तो किती! परीक्षेत त्यानं हाच नट काढला होता, पूर्ण मार्क मिळाले होते. त्याच वर्षी. गॅरेजमध्ये पाना हातात घेतला तेव्हा हे डोक्यात आलं नाही.

चाचांना आम्ही तो दिवस आठवतो का विचारलं. आठवत होता. म्हणाले, संध्याकाळी उस्ताद, म्हणजे आमचे बाबा, एक चार सुताचा बोल्ट खिशात घालून घरी गेले होते. छोटा विचारेल तर दाखवीन म्हणाले. धाकट्यानं विचारलं नाही.

यावर आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. पुढे जातो.

शेवटी एक वस्तू राहिली होती, हा वाकडा पाना. रिंग पाना आहे, मधून कापलेला, दोनदा वाकवलेला, एकदा वर आणि एकदा बाजूला. याचं चित्र कुठल्याही यादीत सापडणार नाही. आम्हाला वाटलं एखाद्या गाडीखाली येऊन चेपला असेल, आणि भंगाराच्या ढिगात टाकलाही होता. चाचांनी बघितला आणि हसले. जीपच्या मॅनिफोल्डखालचा एक नट असा अडचणीत असतो की सरळ पाना त्याच्यापर्यंत पोचत नाही. लोक आजूबाजूचं सगळं खोलायचे. बाबांनी लोहाराच्या भट्टीत पाना लाल करून स्वतः वाकवून घेतला. पहिल्यांदा कोन चुकला, म्हणून दुसरा. चाचा म्हणाले, त्या काळात शेजारचे गॅरेजवाले हा पाना तासाभरासाठी मागून न्यायचे आणि परत करताना बिड्यांचं बंडल द्यायचे. बाबा बिडी ओढत नसत. ती बंडलं चाचांनी ओढली.

भंगारवाला पंधराव्या दिवशी आला. त्याला आम्ही झिजलेल्या कानशी, फाटक्या गोट्या, तुटलेला जॅक असं अठ्ठेचाळीस किलो दिलं. सगळं ठेवणं शक्य नाही, नवीन घर फ्लॅटसारखं होणार आहे, आणि दादा म्हणतो तेही बरोबर आहे की लोखंड कुणी छातीशी धरून बसत नाही. इंग्लिश पाने चाचांच्या नातवाकडे गेले. त्याच्याकडे जुन्या बुलेट दुरुस्तीला येतात, त्यांना ते लागतात. त्याला ठिपक्यांची भाषा समजावून सांगायला धाकटा गेला होता, तर त्याला ती आधीच येत होती. बेअरिंगची सुरी आईनं परत स्वयंपाकघरात नेली, उद्याच्या मोदकांचे नारळ तिनंच फोडले जाणार आहेत. काठी ताईकडे. बाणाचा पाना दादानं ठेवला, पाहुण्यांना दाखवायला. दोन तोंडांचा हा धाकट्याकडे आहे, आणि दोन्ही बोल्ट.

आज सगळं एकदा एकत्र आणलं आहे, टेबलावर मांडलंय. आरतीला अजून अर्धा तास आहे. या, हातात घेऊन बघा, व्हर्निअरही ठेवलंय. मुलांनी डोळे मिटून ठिपके मोजून बघावेत, तीनचा कुठला आणि चारचा कुठला. हात काळे होतील. साबण मागच्या नळावर ठेवला आहे, प्रसादाला हात लावायच्या आधी धुवा, नाहीतर आई रागावेल.